काकणावर आळ

करगोटा शेवंतीच्या हाताला लागला.

सातेरी देवीच्या राईत सातविणीच्या बुंध्याशी आम्ही दोघी उकिडव्या बसलो होतो. वर, फांद्यांच्या बेचक्यात काकणाचं घरटं होतं, चांगलं बाजेएवढं रुंद. आमच्या कोकणात समुद्रगरुडाला काकण म्हणतात. त्याच्या घरट्यातून जे खाली पडेल ते वेचायचं आणि ओळखायचं, हे माझं त्या वर्षीचं काम होतं. समुद्रसापांचे मणके, शिंगाळा माशाची टोकदार हाडं, खेकड्यांच्या नांग्या. मी वेचत होते आणि शेवंती टोपलीत टाकत होती. पाचोळा चाळता चाळता तिनं एक काळा दोरा ओढून काढला. मला तो जाळ्याचा तुकडा वाटला. तिनं पदरानं माती पुसली तेव्हा दोऱ्यात ओवलेली चांदीची पेटी दिसली, एका कडेला चेपलेली.

"हो आमच्या सग्याचो," ती म्हणाली. "दात येय होते तेव्हा चावन चावन चेपयल्यान."

तिनं मान वर करून घरट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हय कसो इलो?"

इथं कसा आला ते मला ठाऊक नाही, असं मी म्हटलं. अंदाज होता, पण तो आईच्या तोंडावर सांगवेना. तिनं करगोटा मुठीत धरला, टोपली तिथेच टाकली आणि घराकडे चालू लागली. मी मागोमाग गेले.

सगुण, म्हणजे सगो, तिचा मुलगा. अजून तीन वर्षांचाही नव्हता. मी मूळची कुडाळकडची, समुद्रगरुडांच्या घरट्यांची पाहणी करायला खडपवाडीत आले होते आणि शेवंतीच्या नवऱ्याची, विश्राम तांडेलाची पडवी मला राहायला मिळाली होती. एवढी शिकून सवरून बाई पाखरांची हाडं वेचते, म्हणून गाव मला हसायचा. सगो हसायचा नाही. तो माझ्या मांडीवर बसून दुर्बीण उलटी धरायचा आणि आपलीच आजी लांब गेलेली बघून खूश व्हायचा. मला तो फार आवडायचा, हे सांगून टाकलेलं बरं.

तुळशीची लग्नं आटोपली आणि लगेचच एका दुपारी तो नाहीसा झाला. मी त्या दिवशी पलीकडच्या गावात होते. शेवंती बाजारात मासे विकायला, विश्राम होडी घेऊन दर्यात. पोराजवळ फक्त विश्रामची आई, आवडूकाकी. पोर अंगणात खेळत होतं, आपण भात वैरायला आत गेलो, बाहेर येऊन बघितलं तर नाही, असं तिनं सांगितलं. खाली समुद्राकडे तो उतरलाच नाही, त्या वाटेचं बेडं, कुंपणाचं फाटक, लावलेलं होतं, हेही तिनं सातेरीची शपथ घेऊन सांगितलं. अंगणाच्या वर राई आणि राईच्या वर डोंगर. सगळा गाव डोंगरात शिरला. विहिरी उपसल्या. बिबट्यानं नेलं असेल म्हणून करवंदीच्या जाळ्या तोडून पाहिल्या. समुद्राकडे कुणी फिरकलं नाही. दर्यावर पोट असलेल्या माणसांना ते सुचलं दुसऱ्या दिवशी, विश्रामनं होडीही घातली, पण तोपर्यंत भरती-ओहोटीनं आपलं काम केलं होतं.

आता संक्रांत जवळ आली होती. शेवंतीचं रडणं संपलं होतं आणि तिच्याजवळ एकच प्रश्न उरला होता. तो ती सगळ्यांना विचारायची: पोलिसाला, देवळातल्या गुरवाला, दारावर आलेल्या बांगडीवाल्याला, मला. मेलो तर मेलो म्हणान सांगा, पण खंय गेलो ता सांगा. लोक तिला टाळायला लागले होते. मी हाडं वेचायला निघाले की ती माझ्याबरोबर यायची, कारण घरात तिला बसवत नव्हतं आणि मी तिला उगीच धीर देत नव्हते.

करगोटा पाहिल्यावर विश्राम वेड्यासारखा वाडीभर धावला. काकणानं पोर उचललं, काकणानं पोर खाल्लं. दिवस मावळायच्या आत ही गोष्ट घराघरांत पोचली, आणि मला स्पष्ट दिसत होतं की लोकांना जरा हलकं वाटतंय. इतके दिवस प्रत्येक जण मनातल्या मनात कुणाला ना कुणाला दोष देत होता. आता दोष द्यायला पाखरू मिळालं होतं, आणि त्याचं घर कुठं आहे तेही माहीत होतं. उद्या सकाळी देवळात बसायचं असं ठरलं.

दिवेलागणीला शेवंती पडवीत आली. माझ्यासमोर बसली.

"खरा सांग," ती म्हणाली. "काकण उचलून नेता पोराक?"

मी तिला खोटं सांगितलं नाही. मी तिला जे माहीत होतं ते सगळं सांगितलं, शाळाशाळांतून मुलांना पाखरांबद्दल सांगते तसंच, कारण दुसऱ्या तऱ्हेनं सांगायला माझा आवाज लागत नव्हता. काकण दिसतो केवढा, पंख पसरले की आपल्याहून लांब. पण पिसं बाजूला केली तर आत दोन-अडीच किलोचा जीव, एखाद्या दांडग्या कोंबड्याएवढा. सगो त्याच्या चौपट होता. काकण त्याला ओढूही शकला नसता. आणि सगळे गरुड एका घरचे नसतात. डोंगरात ससे मारणारा गरुड वेगळ्या कुळातला, काकण घारीच्या कुळातला. फार मागे, माणूस नव्हता तेव्हा, घारीसारख्या कुठल्यातरी पूर्वजांची एक शाखा समुद्राला लागली आणि पिढ्यान्‌पिढ्या मोठी होत गेली. अंग वाढलं, नख्या वाढल्या, मासा निसटू नये म्हणून तळव्यांना काटे आले. पण खोड घारीचीच राहिली. पाण्यावर तरंगतं ते उचलायचं, जिवंत असो की मेलेलं.

हे बोलून झालं आणि आपण काय बोललो ते माझं मला ऐकू आलं. तिलाही आलं.

"म्हणजे तो पाण्यात होतो," शेवंती म्हणाली.

"होय."

"आदीच मेललो."

"होय. काकणान तेका मारूक नाय."

आत चुलीशी आवडूकाकी खोकत होती. शेवंतीनं त्या दिशेला मान वळवली आणि तो खोकला बराच वेळ ऐकत राहिली. आता ही किंचाळणार, असं मला वाटलं. तिनं फक्त पदर खोचला, पेज निवळायची राहिली आहे म्हणाली आणि आत गेली.

सकाळी देवळाच्या मंडपात पुरुष बसले, बायका खांबांच्या कडेला. गावकार भिवाआबा, म्हातारा आणि शांत माणूस, पहिल्यांदा काकणाच्याच बाजूनं बोलला. त्याचं म्हणणं, काकण पोटाला पांढराशुभ्र, पाठीला राखाडी, वर्षानुवर्षं देवीच्या राईत राहणारा. तो घिरट्या घालतो तिथं मासळी असते हे आपले बापजादे सांगत आले. तो हे करणार नाही. पण यंदा एक मोठं खैरं पाखरू गावावर फिरतंय, ते घाटावरून आलंय, करणी त्याची. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. विश्रामनंही ते खैरं पाखरू घरावरून जाताना पाहिलं होतं.

मी गप्प बसले असते तर सगळे त्या घाटावरच्या पाखराला शिव्या देऊन घरी गेले असते. पण चुकीची ओळख ऐकून मला गप्प बसवत नाही, हा माझा जुना रोग. मी उठून सांगितलं की ते खैरं पाखरू घाटावरचं नव्हे, काकणाचंच गेल्या वर्षीचं पिल्लू आहे. काकण जन्मतः पांढरा नसतो, त्याला पोटाचा पांढरा आणि पाठीचा राखाडी रंग यायला चार-पाच वर्षं लागतात, तोवर तो असा मळकट तपकिरी फिरतो आणि भलेभले त्याला ओळखायला चुकतात. शेपूट बघा, पाचरीसारखी. तरंगताना पंख कसे वर उचललेले असतात ते बघा, अगदी आईबापांसारखे. मी हातांनी करूनही दाखवलं.

विश्राम उभा राहिला. "म्हणजे दोघांचा घर एकच," तो म्हणाला. "मगे तोडा ती सातवीण."

माझी विद्या अशी कामाला आली. मंडपात एकदम गलका झाला. मी वनखात्याचा कायदा सांगितला, वर घरट्यात या साली जन्मलेलं पिल्लू आहे म्हणून सांगितलं, काकणाला एवढं मूल उचलतच नाही म्हणून परत परत सांगितलं. भिवाआबानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मला अगदी आदरानं विचारलं.

"बाय, मगे करगोटो थंय कसो गेलो ता सांग."

ते मला एका वाक्यात सांगता आलं असतं. त्या वाक्यानं सातवीण वाचली असती, पिल्लू वाचलं असतं. आणि आवडूकाकीला त्या गावात उभं राहायला जागा उरली नसती, कारण पोर समुद्राकडे गेलं नाही अशी शपथ तिनं याच देवीची घेतली होती. ती खांबाला टेकून बसली होती, तोंडावर पदर धरून, आणि माझ्याकडेच बघत होती. विश्रामच्या कमरेच्या आकड्यात कोयती अडकवलेली होती आणि त्याचा हात सारखा तिथं जात होता. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही सांगता येणार नाही, कारण त्याआधी शेवंती उठली.

"मी बघलंय," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिनं खांबावर हात ठेवला होता.

"त्या दिशी मी बाजारातसून येय होतंय. राईवरसून काकण गेलो. पायात कायतरी लोंबत होता. माका वाटला, मासो आसात. काल करगोटो गावलो तेव्हा समाजला."

देवीसमोर, इतक्या माणसांत, ती धडधडीत खोटं बोलली आणि तिचा आवाज कुठंही हलला नाही. आवडूकाकीचा पदर तोंडावरून खाली आला. मी शेवंतीकडे पाहत राहिले, तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

राईतलं झाड देवीला विचारल्याशिवाय तोडत नाहीत. गुरवानं कौल लावला, देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. देवीलाही शेवंतीची साक्ष पटली असावी.

उन्हं वर यायच्या आत करवत लागली. दोन्ही काकण वर घिरट्या घालत ओरडत होते, आणि पोरं त्यांना दगड मारत होती, ते अर्ध्यातही पोचत नव्हते. सातवीण पडली तेव्हा घरट्याच्या काटक्या अर्ध्या राईभर पसरल्या. पिल्लू कोंबडीएवढं झालं होतं, खैरं, चोच उघडी. एक पंख मोडला होता तरी ते पायांवर उभं राहायला बघत होतं. विश्राम काठी घेऊन पुढे गेला. त्यानं ते संपवलं, आणि मग तिथंच काटक्यांत बसून तो ढसाढसा रडला. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा. मला त्याचा राग धरायचा होता, पण तो धरता येईना.

लोक पांगायला लागल्यावर आवडूकाकी हळूहळू शेवंतीजवळ आली. तिनं सुनेचे दोन्ही हात धरले, कपाळाला लावले. "बाय माझी," एवढंच म्हणाली. शेवंतीनं हात सोडवून घेतले नाहीत.

दुपार कलल्यावर मी शेवंतीला विहिरीवर गाठलं. मी चिडले होते. एका खोट्यासाठी तीन पाखरांचं घर गेलं, आणि खरं काय ते आम्हा दोघींनाच माहीत. कित्याक, का केलंस असं, म्हणून मी तिला विचारलं. तिनं कळशी भरून घेतली आणि मग सांगितलं.

"त्या दिशी मी बाजारातसून इलंय तेव्हा परड्यात कालवांची टोपली होती. वली. माका दिसली आणि मी इचारूक नाय. पोर हरावल्यार, कालवां खंयची म्हणान कोण इचारता?"

कालवं, म्हणजे खायची शिंपली, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडपावर मिळतात, दगडाला चिकटलेली. बायका वाकून ती एकेक फोडून काढतात आणि त्या कामात मान वर करायला सवड नसते. म्हणजे म्हातारी पोराला घेऊन खडपावर गेली होती, पोर तिच्या मागं खेळत होतं, आणि पाणी वाढायला लागलं तरी तिनं मागं वळून पाहिलं नव्हतं.

"चुकली ता चुकली," शेवंती म्हणाली. "माझ्याहातसून पण चुकला असता. पण त्याच येळाक सांगल्यान असता तर सगळे होडये घेवन उतारले असते. जितो नाय तर मेललो गावलो असतो. माका तेका मांडयेर घेवक मिळाला असता. आमी डोंगरात हाका मारीत होतो, आणि ती आमच्या वांगडा हाका मारी होती."

मी विहिरीच्या कट्ट्यावर बसले. मग देवळात सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं.

"सांगान काय होतला? हे तिका मारतले नायतर भायर काढतले. ती खंयतरी जावन रडात आणि मरान जाईत." तिनं कळशी कमरेवर घेतली. "ऱ्हवांदे तिका माझ्या घरात."

मला वाटलं ही क्षमा आहे. खरंच वाटलं. स्वतःची चीड मला लाजिरवाणी वाटली आणि डोळे भरून आले. माझ्यापेक्षा वयानं लहान बाई, जिचं सगळं गेलं, ती म्हातारीला सांभाळायला निघाली होती. त्या दिवशी मी तिच्यासमोर फार लहान होऊन पडवीत परतले.

घरटं गेलं म्हणजे खडपवाडीतलं माझं काम संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सामान बांधलं, दुपारची गाडी धरायची होती. जेवून जा, म्हणून शेवंतीनं थांबवलं. सकाळी मोठी ओहोटी होती. ती एकटीच टोपली आणि कोयता घेऊन खाली गेली, ते मी पाहिलं होतं.

पानं वाढली. भात आणि कालवांचं सुकं. विश्राम कितीतरी दिवसांनी भुकेनं जेवायला बसला होता, पहिला घास घेऊन त्यानं बरं झालंय म्हणून सांगितलंही. आवडूकाकीच्या पानात शेवंतीनं सगळ्यात जास्त वाढलं आणि डाव हातात घेऊन तिच्या समोर मांडी घालून बसली.

"जेवा, आई," ती म्हणाली. "मी सोता खडपावरसून हाडलंय."

म्हातारीचा हात पानावर थांबला. तिनं वर पाहिलं. शेवंती तिच्याकडे बघत होती, रागानं नाही, काही नाही, आपलं वाढणारी बाई बघते तसं. आवडूकाकीला कळलं. मला कळायच्या आत तिला कळलं. काल जे हात तिनं कपाळाला लावले होते, त्या हातांना सगळं ठाऊक होतं.

तिनं घास घेतला. चावला. गिळला. शेवंतीनं डावभर आणखी वाढलं. तिनं तेही खाल्लं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

विश्रामचं लक्ष गेलं. "आये, तिखट झाला काय?"

"नाय," शेवंतीनंच उत्तर दिलं. "तेंका आवाडता."

माझ्या पानातलं मी झाकून ठेवलं आणि उठले. पोट बरं नाही म्हणाले. निघताना आवडूकाकीच्या पाया पडले, तेव्हा तिनं माझं मनगट असं घट्ट धरलं की मला ते सोडवून घ्यावं लागलं. मी कुणाला काय सांगणार होते, आणि सांगून तिची सुटका कशी होणार होती?

बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या एका कामासाठी त्या भागात जाणं झालं. राईत सातविणीच्या जागी नुसता खड्डा होता, काकण पुन्हा आले नव्हते. शेवंतीच्या घराला कुलूप होतं, नवरा-बायको लग्नाला गेली होती. भिवाआबा थकला होता, पण त्यानं मला ओळखलं, चहा पाजला आणि गावाची खबरबात सांगितली. आवडूकाकी गेल्याच साली वारली. पुष्कळ जगली. शेवटी शेवटी अंथरुणाला खिळली होती, बोलणं गेलं होतं, नुसती टकमक बघायची. पण शेवंतीनं तिला कधी उपाशी ठेवलं नाही की दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवलं नाही. ओहोटी आली की ऊन असो, थंडी असो, स्वतः खडपावर जायची, कालवं काढून आणायची, दगडावर बारीक वाटायची आणि म्हातारीला घासाघासानं भरवायची. अगदी शेवटच्या दिवसापर्यंत.

"अशी सून मिळाक नशीब लागता," भिवाआबा म्हणाला.

मी हो म्हटलं आणि चहा संपवला.